न बघता घ्यायचं खोकं

काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. नशीब अशी थट्टा करतं तेव्हा माणसानं आपणही हसून घ्यावं, एवढंच. निवृत्तीनंतर हत्यारांची पेटी उचलून जिने चढणं सुटलं असं त्यांना वाटलं होतं, तर पेटीच्या जागी खोकं आलं. भलंमोठं, तपकिरी, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. ते खांद्यावर घेऊन चढताना काका प्रत्येक मजल्यावर दम खायचे आणि बायकोच्या नावानं बोटं मोडायचे. खोक्यात काय आहे हे त्यांना माहीत नसायचं. विकणाऱ्यालाही धड माहीत नसायचं. आणि जिनं ते आणायला लावलं, तिला तर माहीत करून घ्यायचंच नसायचं.

दुकान कोपऱ्यावरचं, हस्तकलेच्या सामानाचं. लोकर, मणी, रिबन, लेस, रंगीत दोरे, बाहुल्यांचे डोळे, काय वाटेल ते. दर महिन्या-दोन महिन्यांनी मालक न खपलेला माल, फाटक्या पाकिटांतला माल, गिऱ्हाइकांनी परत केलेला माल असा सगळा गोळा करून खोक्यांत कोंबायचा आणि निम्म्याहून कमी किमतीला काढायचा. अटी दोनच. आत काय आहे विचारायचं नाही आणि परत आणायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यामुळे दुकान उघडायच्या आधीच बाहेर बायकांची रांग लागायची. कुणी खोकं हलवून आवाज ऐकायची, कुणी वजनावरून लोकर की मणी याचा हिशोब करायची, कुणी मालकाच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधायची. त्या रांगेत काका एकटेच पुरुष. पुढच्या बाईनं एकदा विचारलं, "तुम्ही काय विणता?" काका म्हणाले, "मी ओझी वाहतो."

काकूंना सगळे काजवाल्या काकू म्हणत. कोट आणि जाकिटांना हातानं काजं घालणं आणि बटणं लावणं, हे त्यांचं काम. बाजारातल्या एका जुन्या टेलरमास्तरांकडून गठ्ठा यायचा. शर्टांची काजं मशीनवर होतात, पण भारी कोटाचं काज हातानंच घालायचं, असा त्या टेलरमास्तरांचा हट्ट होता. कापडाला नेमकी चीर द्यायची, मग तिच्या कडेनं एकाला एक चिकटून टाके घ्यायचे, इतके की नखानं ओढलं तरी दोन टाक्यांमध्ये फट पडता कामा नये. बटण लावलं की खाली दोऱ्याचे वेढे देऊन त्याला मान करायची, म्हणजे कोट बंद केल्यावर कापड चुरगळत नाही. गल्लीतल्या कुणालाही हे माहीत नव्हतं की गावातले निम्मे भारी कोट आपल्या जिन्यावरून गेलेत. काकूंनीही कधी सांगितलं नाही. त्यांचा स्वभाव त्यांच्या काजासारखा होता, बटण जाईल एवढंच उघडायचं.

अशा बाईच्या डोळ्यांत दोष निघाला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बरंच काही तपासलं आणि खुर्ची पुढे ओढून सांगितलं, "पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील. मधलं हळूहळू जाईल."

"सुईकाम?" काकूंनी विचारलं.

डॉक्टरीणबाई काकांकडे बघायला लागल्या. उत्तर मिळालं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर काकू थांबल्या, नवऱ्याच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "चला, एक बरं झालं. तुमचे कान दिसतात, नाक दिसत नाही. लग्नापासून तेच बघत आले होते." काका हसले. मग रस्ता ओलांडताना त्यांनी काकूंचा दंड धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

आठवडा गेला. मग एका सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "कोपऱ्यावरच्या दुकानात बंद खोकी आलीत म्हणे. एक घेऊन या."

काकांचा कानांवर विश्वास बसेना. ही बाई दोऱ्याचं रीळसुद्धा उजेडात धरून घेणारी. सेलच्या पाटीकडे बघून नाक मुरडणारी. "अगं, तूच म्हणतेस ना, स्वस्तात घेतलेलं पहिल्या धुण्यात कळतं म्हणून?"

"मला ते वापरायचं नाहीये. ओळखायचंय." काकूंनी कप खाली ठेवला. "हे बघा, डोळे आहेत तोवर डोळे मास्तर आणि हात विद्यार्थी. मास्तर कायमचा रजेवर जायच्या आत जेवढं शिकवून घेता येईल तेवढं घ्यायचं."

"मग घरातल्या डब्यातली बटणं घे की. डबे काय कमी आहेत?"

"ती मला पाठ आहेत. पाठ असलेलं ओळखणं म्हणजे घोकंपट्टी झाली. मला न बघितलेलं पाहिजे. मी निवडलेलं नको, तुम्ही निवडलेलं नको, दुकानदारानंसुद्धा मुद्दाम निवडलेलं नको."

एवढं बोलून त्या उठल्या आणि कप विसळायला गेल्या. काका तिथंच बसून राहिले. त्यांना वाटलं होतं, ही रडेल, मग आपण समजूत घालू. समजुतीची चार वाक्यं त्यांनी मनात जुळवूनही ठेवली होती. ती तशीच राहिली.

खोकं आलं. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलं गेलं. काकूंनी काकांचा मोठा हातरुमाल डोळ्यांवर बांधला, गाठ मागे घट्ट मारली आणि खोक्यात हात घातला. एकेक वस्तू काढायची, आधी बोटांच्या टोकांनी चाचपायची, मग गालाला लावायची, ओठाला लावायची, गरज पडली तर दातांवर हळूच आपटायची. नाव मोठ्यानं सांगायचं. मग रुमाल वर करायचा आणि मान वाकडी करून, डोळ्यांच्या उरलेल्या कडेनं बघून खात्री करायची. बरोबर आलं तर वस्तू डब्यात. चुकलं तर पुन्हा खोक्यात, तळाशी. खोकं रिकामं होईपर्यंत दुसरं आणायचं नाही. काकांनी समोर बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं.

"या वयात आंधळी कोशिंबीर," काका पुटपुटले.

"तोंड बंद म्हटलं ना?"

पहिल्या खोक्यानं काकूंची पार फजिती केली. त्यांनी चामड्याच्या दोरीला बुटाची नाडी म्हटलं, मेणाच्या वडीला साबण म्हटलं, आणि बाहुलीचा प्लास्टिकचा डोळा हातात आला तेव्हा बराच वेळ फिरवून फिरवून म्हणाल्या, "हे बटण आहे, पण ज्यानं केलंय त्याला बटण म्हणजे काय हे माहीत नव्हतं." काकांना हसू आवरेना. रुमाल वर करून काकूंनी त्या डोळ्याकडे बघितलं, डोळ्यानं काकूंकडे बघितलं, आणि मग दोघंही पोट धरून हसले.

पण हसता हसताही काकांची नजर त्या खोक्यावरून हलायची नाही. त्यांच्या धंद्यातला पहिला धडा होता, जिथं नजर पोचत नाही तिथं हात घालायचा नाही. उमेदीत एकदा तो धडा विसरून त्यांनी एका इमारतीत लिफ्टच्या चाकामागे हात घातला होता, आणि त्यांच्या करंगळीचं टोक त्या इमारतीतच राहिलं. आता रोज समोर बायको न बघता सुया, हूक, टाचण्या असलेल्या खोक्यात मनगटापर्यंत हात घालत होती. पहिल्या दिवशी तिच्या बोटातून रक्त आलं तेव्हा काका ताडकन उठले. काकूंनी बोट तोंडात धरलं आणि म्हणाल्या, "टोक कुठल्या बाजूला ते कळलं." बस, एवढंच.

लेक दुसऱ्या गावी होती. ती फोनवर वैतागायची, "आई, ते भंगार का भरतेस घरात?" काकू सांगायच्या, "नाद लागलाय गं." वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर जाहीरच केलं होतं की म्हातारपणी माणसाला काहीतरी व्हायचंच. ओळखून झालेल्या वस्तू काकू वाटून टाकायच्या. पिसं, टिकल्या आणि रंगीत कागद शाळेतल्या मुलांना, लोकर जिला हवी तिला. वहिनीही न्यायच्या. नेताना मात्र त्यांना कधी भंगार आठवलं नाही.

तिसऱ्या खोक्याच्या सुमाराला काकांचं हसणं थांबलं. झालं असं की काकूंनी लोकरीचा एक गुंडा काढला, दोरा थोडा उलगडून बोटांमधून हळूहळू सोडला आणि म्हणाल्या, "ही नवी नाही. विणून उसवलेली आहे."

काकांनी बघितलं. गुंड्याला दुकानाची पट्टी होती, किमतीचा कागद होता. "नवीच आहे."

"कुणीतरी नेली, विणली, उसवली आणि पुन्हा गुंडाळून परत केली. दोऱ्याला वळ राहिलेत बघा. फार घट्ट हाताची बाई होती." काकूंची बोटं पुढे पुढे सरकत होती. "इथपर्यंत घट्ट. इथून पुढे सैल. इथं तिनं ठरवलं असणार, जाऊ दे म्हणून."

काकांनी गुंडा हातात घेतला, उजेडात धरला, चष्मा लावून बघितला. फार निरखल्यावर दोऱ्यात बारीक लाटा दिसल्या, टोकाकडे त्या मंदावलेल्याही दिसल्या. कुणा परक्या बाईचं हिरमुसणं त्या लोकरीत शिल्लक होतं आणि ते आपल्या बायकोच्या बोटांना वाचता आलं होतं. एवढी वर्षं ही बाई शेजारी बसून जेवली, आणि हिच्या हातात काय आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं त्यांना वाटलं. त्यानंतर काका समोर बसायचे ते देवळात बसल्यासारखे.

आणि बघण्यासारखं होतंच. शिंपल्याचं बटण ओठाला लावताच काकू सांगत, कारण ते गार लागतं आणि गारच राहतं, प्लास्टिकचं लगेच कोमट होतं. सुती दोरा कानाजवळ ताणून तोडला की एक आवाज, रेशमी तोडला की दुसरा. सुईत दोरा ओवायला त्या आता सुई डोळ्यांजवळ नेत नसत. दोरा दुमडून चिमटीत गच्च धरायचा आणि सुईचं नेढं त्या चिमटीवर दाबायचं, दोरा आपसूक वर येतो. काळा दोरा पांढऱ्यापेक्षा बोटाला किंचित खरखरीत लागतो, रंग जास्त प्यायलेला असतो म्हणून, हेही त्यांनी शोधून काढलं. मधले रंग मात्र बोटांना काही केल्या कळेनात. हिरवा आणि निळा हातात धरून त्या बसून राहायच्या.

गठ्ठ्यातल्या कामात रंगांची अडचण नव्हती, कारण टेलरमास्तरांची एक जुनी पद्धत होती. ज्या कोटाचा दोरा आणि बटणं, ती त्याच कोटाच्या खिशात घालून पाठवायची. खिशात हात घालायचा आणि कामाला लागायचं. काम वेळेवर जात होतं, तक्रार येत नव्हती. टेलरमास्तरांना काही सांगितलेलं नव्हतं, आणि तेच काकूंना खात होतं. त्या म्हणायच्या, "फसवून काम ठेवायचं नाही. सांगायचं. पण आधी माझं मला कळू दे, जमतंय की नाही."

मग ते वाईट खोकं आलं. सगळा सारखा दिसणारा आणि सारखा लागणारा माल. राईएवढे मणी, एकापेक्षा दुसरा केसभर मोठा. टिचबटणांचे सुटे अर्धे भाग. एकाच विणीच्या, रुंदीत जेमतेम फरक असलेल्या लेसा. काकू चुकल्या, पुन्हा चुकल्या, डब्यात काही पडेना आणि खोकं काही संपेना. रोज खोक्यात तेवढंच. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांनी रुमाल सोडला आणि टेबलावर दोन्ही हात उताणे ठेवून त्या हातांकडेच बघत म्हणाल्या, "ठार अडाणी आहेत." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. काकांनी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

ते खोकं काकूंनी दात-ओठ खाऊन रिकामं केलं खरं, पण संपल्यावर म्हणाल्या, "आता एकच आणा. शेवटचं. त्यात जमलं, तर टेलरमास्तरांना सांगायचं आणि काम ठेवायचं. नाही जमलं, तर सांगायचं आणि सुई ठेवून द्यायची." आवाजात राग नव्हता. तेच काकांना सहन झालं नाही. सुई ठेवून ही बाई काय करेल, या प्रश्नापुढे त्यांचं डोकं चालेना.

आणि इथं काकांनी ती चूक केली. प्रेमानं केली, म्हणून तर ती एवढी मोठी झाली.

दुकानातून शेवटचं खोकं घेतलं आणि काका घरी आलेच नाहीत. जवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली होती, तिची किल्ली अजून त्यांच्याकडे असायची, कारण अधूनमधून ते तिथं तेलपाणी करून द्यायचे. त्या खोलीत बसून त्यांनी चिकटपट्टी कापली. आत बघितलं तर पुन्हा तेच: बारीक मणी, सुटे हूक, आणि वर रंगीत रेशमी लडींचा एक भला थोरला गुंता. काकांनी ते सगळं काढून एका पिशवीत भरलं आणि पिशवी मशीनमागे ठेवली. मग खिशांतून, दुसऱ्या एका पिशवीतून, घरून आणलेल्या वस्तू काढल्या. पहिल्या-दुसऱ्या खोक्यातल्या, घरातल्या डब्यांत मागे पडलेल्या, काकूंनी कधीच ओळखून टाकलेल्या. मोठी लाकडी बटणं, जाड रिळं, लोकर, चामड्याची दोरी. बटणासारखं बटण, कुणाला काय कळतंय! सगळे एका माळेचे मणी. खोकं भरलं, वर नवी पट्टी मारली आणि आयुष्यात पहिल्यांदाच जिन्यावर न थांबता तिसरा मजला गाठला.

काकू टेबलाशी बसल्या. काकांनी रुमाल पुढे केला.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

"अगं, पण..."

"बांधून काय आणि न बांधून काय. मधलं गेलं सगळं. कडेनं तुमची बाही दिसते, टेबलाचा कोपरा दिसतो. आता बरोबर की चूक ते तुम्हीच सांगायचं."

काकांच्या हातात रुमाल तसाच राहिला.

काकूंनी खोक्यावरून हात फिरवला. पट्टीवर आल्यावर बोटं जरा थांबली, मग पुढे गेली. पट्टी निघाली. पहिली वस्तू: चामड्याची दोरी. दुसरी: लाकडी बटण, दोन भोकांचं. तिसरी: जाड सुती रीळ. काका "बरोबर, बरोबर" म्हणत होते, आवाजात उत्साह आणत होते. चौथं एक बटण होतं. काकूंनी ते अंगठ्यावर फिरवलं, एका जागी नख लावलं, आणि खाली ठेवलं.

"हे माझ्या डब्यातलं आहे."

"कशावरून?"

"काठाला टवका आहे. दुसऱ्या खोक्यात आलं होतं हे, तेव्हा बोटाला लागलं होतं. ते लाकडी बटणही माझंच. त्याच्या एका भोकाला लाकडाची कूस निघालीय, बोटाला टोचते." त्यांनी दोरी उचलली. "आणि हिचं टोक मी दातानं चावून बघितलं होतं. माझाच दात आहे हा."

शेकड्यांनी बटणं त्या हातांखालून गेली होती. काकांना ती सगळी सारखी दिसत होती, डोळे धडधाकट असून. आणि हिला एकेक ठाऊक होतं, जशी माणसं ठाऊक असतात. लाजेनं मान खाली गेली होती तरी काकांना त्या हातांवरून नजर काढवेना.

"तुम्हाला वाटलं मी नापास होणार," काकू म्हणाल्या.

"तू जेवली नव्हतीस गं. मला बघवेना."

"मला तर दिसेना! मी केलं का असं काही?" आता काकू भडकल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच. "जगात एक माणूस समोर बसवला, की हा खरं सांगेल. त्यानंच पेपर फोडला. डोळ्यांनी दगा दिला, ते ठीक, ते आजारी आहेत. तुम्हाला काय झालंय?"

काका हातातल्या रुमालाची घडी घालत राहिले. मग काकूंनी नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "काढून ठेवलंय ते कुठंय?"

"मशीनच्या खोलीत."

"मग बसलात काय? घेऊन या."

काका गेले आणि धापा टाकत पिशवी घेऊन आले. काकूंनी ती टेबलावर पालथी केली आणि बाह्या वर सारल्या. ते बघताना काकांना पहिल्यांदा कळलं की मागच्या वाईट खोक्यात ही हरली नव्हती. शिकत होती. मणी ती आता एकेकटे चाचपत नव्हती. चिमूटभर तळहातावर घेऊन हात तिरका करायची, मोठे आधी घरंगळायचे, बारीक मागे राहायचे. लेस बोटांवर गुंडाळून मोजायची, ही तीन बोटं आणि ती साडेतीन. हूक मोठा की लहान हे ती नखाखाली अडकवून सांगायची. काका "बरोबर" म्हणत होते. दोनदा "चूक" म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना धीर लागला, पण म्हणाले. काकूंनी दोन्ही वेळा मान डोलावली, वस्तू बाजूला ठेवली आणि शेवटी पुन्हा घेतली. दुपार झाली, टेबल रिकामं होत आलं. उरला तो रेशमी गुंता.

काकूंनी तो मांडीवर घेतला. ओढाताण न करता, एकाही लडीला गाठ न पाडता, त्यांनी तो असा सोडवला की काका चहा करायचा विसरले. सगळ्या लडी टेबलावर ओळीनं पसरल्या.

"रंग मला येणार नाहीत," काकू म्हणाल्या. "एवढं मान्य करते. हे तुमच्याकडे."

काका एकेक लड उचलून सांगायला लागले. लाल. पिवळा. फिकट पिवळा. एक होता त्याला काय म्हणावं ते त्यांना सुचेना, तेव्हा म्हणाले, "पहाटे जिन्याच्या खिडकीतून येतो तसा काहीतरी." काकूंनी ती लड हातात घेतली आणि जरा वेळ धरून ठेवली. "कळला," म्हणाल्या.

दोन दिवसांनी टेलरमास्तर स्वतः गठ्ठा घ्यायला आले. त्यांचा पोऱ्या रजेवर होता म्हणून. तोंडाचा फटकळ माणूस, कारागिरानं एक टाका ढिला सोडला तर कोट त्याच्या अंगावर फेकणारा. ते खुर्चीत बसतायत तोच काकूंनी सांगून टाकलं, "मला समोरचं दिसत नाही. गेले काही महिने कमी कमी होत होतं, आता गेलंच. आधी सांगायला हवं होतं."

टेलरमास्तर काकूंकडे बघत राहिले. मग त्यांनी गठ्ठ्यातला वरचा कोट उचलला आणि खिडकीशी गेले. काज उलटं करून बघितलं, सुलटं करून बघितलं, नखानं ओढलं, बटण धरून कोट हवेत लोंबकळवला. दुसरा कोट घेतला. तिसरा घेतला. काका त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि काकू बघू शकत नव्हत्या. त्या कान देऊन बसल्या होत्या.

"हे न बघता?" टेलरमास्तरांनी विचारलं.

"न बघता."

ते परत येऊन खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि त्या फटकळ माणसानं इतक्या मऊ आवाजात बोलायला सुरुवात केली की काका सावध झाले. "काकू, काम बंद नाही व्हायचं तुमचं. माझा शब्द आहे. कोटांचं मी दुसरीकडे बघतो. तुम्हाला आपलं सोपं सोपं पाठवत जाईन. उशांचे अभ्रे, पायजमे, मोठी बटणं. तुम्हाला त्रास नको."

काकूंचे हात मांडीवर थांबले. टेलरमास्तरांना ते समजलं नाही, पण काकांना समजलं. त्या हातांकडे बघत बसण्यापलीकडे त्यांनी दुसरं केलं काय होतं इतके दिवस?

"नको," काका म्हणाले.

टेलरमास्तर वळून बघायला लागले. काकूंचीही मान वळली.

"सोपं नको. सोपं मी देऊन बघितलंय, तिचा अपमान होतो. तुमच्याकडचं सगळ्यात अवघड असेल ते पाठवा. चुकलं तर तिच्या तोंडावर सांगा, चूक म्हणून. मी सांगतो. पण सोपं पाठवू नका."

टेलरमास्तरांनी आपल्या पिशवीतून एक काळा कोट काढला. तो ते दुसऱ्या कारागिराकडे न्यायला निघाले होते हे उघड होतं. कापड जड होतं आणि घडी जपून घातलेली होती. त्यांनी तो काकूंच्या मांडीवर ठेवला.

"लग्नाचा आहे," ते म्हणाले, पुन्हा आपल्या फटकळ आवाजात. "चुकला तर भरून घेईन."

"घ्या," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला.